कोटावरचे चाक

रोटरी क्लबात नव्या सभासदाला मिळणारी पिन नखाएवढी असते. निळ्या-सोनेरी रंगाचे दातेरी चाक, मागे एक बारीक सुई आणि सुईवर दाबून बसवायची छोटीशी टोपी. ही टोपी फार वेळा हरवते. पिन लावताना ती अध्यक्षांच्या बोटांतून निसटते, स्टेजवरच्या सतरंजीत नाहीशी होते आणि सेक्रेटरी वाकून शोधू लागतात. फोटोग्राफर मात्र तेवढ्यात दोन फोटो काढून घेतो. पिन मुळात कोटासाठी बेतलेली. डाव्या बाजूच्या कॉलरवर काज असते तिथे ती बसावी, असा संकेत. पण तालुक्याच्या गावी मे महिन्यात कोट कोण घालणार? तिथे ती नेहरू शर्टाच्या पातळ कापडावर लागते आणि आपल्याच वजनाने पुढे झुकते, नाहीतर साडीच्या पदरावर आधीच्या सेफ्टी पिनेशेजारी कशीबशी उभी राहते. कार्यक्रम तसा पाच मिनिटांचा. तरीही एखाद्या परक्या माणसाला आपल्यात घेण्याची ही रीत नीट पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यातली प्रत्येक बारीकसारीक गोष्ट कुठल्या तरी जुन्या अडचणीतून आलेली आहे.

चाकाचेच बघावे. १९०५ साली शिकागोत पहिला क्लब निघाला तेव्हा माँटेग्यू बेअर नावाच्या सभासदाने, जो धंद्याने कोरीवकाम करणारा कारागीर होता, गाडीचे साधे आऱ्यांचे चाक काढून दिले. काहींना ते निर्जीव वाटले, म्हणून त्याने चाकाभोवती थोडी धूळ उडवली. पुढे गाडीचे चाक गेले आणि सहा आरे व चोवीस दाते असलेला गिअर आला. मग १९२०च्या दशकात कोणा जाणकाराने शंका काढली की, चाकाच्या मधल्या भोकाला की-वेची खाच नाही, म्हणजे हे चाक शाफ्टवर नुसतेच फिरत राहील, ताकद ना घेईल ना देईल. खाच काढण्यात आली. आजही पिनेवर ती दिसते, पण भिंगाशिवाय लक्षात येत नाही. इचलकरंजीतल्या किंवा चिंचवडमधल्या एखाद्या वर्कशॉपच्या मालकाला पिन लावली की तो आधी ही खाच पाहतो. इतरांना तिचे काही विशेष वाटत नाही.

पिनेपर्यंत पोहोचण्याचा रस्ता लांबचा आहे. रोटरीत परंपरेने कोणी अर्ज करून शिरत नाही. त्याला बोलवावे लागते. आता संकेतस्थळावर इच्छा नोंदवता येते, पण ती नोंद शेवटी जवळच्या एखाद्या क्लबाच्या सेक्रेटरीकडेच येऊन पडते आणि पुढची वाट तीच राहते. कोणीतरी विद्यमान सभासद नाव सुचवतो. तो प्रस्तावक. मग नाव संचालक मंडळापुढे जाते आणि मंडळाने तीस दिवसांत हो किंवा नाही ठरवावे असे क्लबांच्या उपनियमांच्या नमुन्यात म्हटलेले आहे. जुन्या रीतीप्रमाणे मंजूर झालेले नाव सर्व सभासदांना कळवून सात दिवस थांबायचे. कोणाचा आक्षेप असेल तर तो लेखी यावा. हे सगळे ज्याच्याबद्दल चालले आहे त्याच्या कानावर जाऊ नये, ही यातली खरी मेख. नाव मागे पडले तरी माणूस दुखावता कामा नये. पंचवीस-तीस हजार वस्तीच्या गावात हे गुपित किती दिवस टिकत असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. तिथे आक्षेप लेखी येत नाही. तो चहाच्या टपरीवर येतो, तिथल्या तिथे ऐकला जातो आणि फॉर्म पुढच्या महिन्यावर ढकलला जातो.

प्रस्तावकाने नाव सुचवण्याआधी त्या माणसाला दोन-तीन सभांना पाहुणा म्हणून आणावे, असा जुन्या सभासदांचा आग्रह असतो. पाहुण्याने क्लब पाहावा आणि क्लबाने पाहुणा. काही क्लबांत त्याला जोडीदारासह एखाद्या ज्येष्ठ सभासदाच्या घरी जेवायला बोलावतात आणि जेवणाआधी तासभर वर्गणी किती, सभा कधी, पैसा कुठे जातो याची माहिती देतात. हा तास ज्या क्लबाने वगळला, त्याला पुढे त्याची किंमत मोजावी लागते. तीन महिन्यांनी वर्गणीची चिठ्ठी हातात पडल्यावर ‘हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं’ असे म्हणणारा सभासद बहुतेक अशाच घाईतून आलेला असतो.

हा सगळा खटाटोप समजून घ्यायला शिकागोला जावे लागते. पॉल हॅरिस हा वकील व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड या लहान गावी आजी-आजोबांकडे वाढला. शिक्षण झाल्यावर पाच वर्षे नाना उद्योग करत फिरला आणि १८९६ मध्ये शिकागोत त्याने वकिली मांडली. शहर अफाट होते, ओळखीचे कोणी नव्हते. रविवारी तर फारच एकटे वाटे. १९००च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो एका वकील मित्राबरोबर त्याच्या उपनगरात फिरायला गेला. मित्र प्रत्येक दुकानदाराला नावाने हाक मारत होता आणि दुकानदारही त्याला ओळखत होते. अशी दुकानदारांची ओळख शहरात जमवता येईल का, हा विचार हॅरिसच्या डोक्यात पुढची पाच वर्षे घोळत राहिला. २३ फेब्रुवारी १९०५च्या रात्री डिअरबॉर्न रस्त्यावरच्या युनिटी बिल्डिंगमध्ये, ७११ क्रमांकाच्या खोलीत चौघे जमले. खोली गुस्टाव्हस लोर या खाण-अभियंत्याची. सिल्व्हेस्टर शील कोळशाचा व्यापारी, हायरम शोरी शिंपी आणि चौथा हॅरिस. पुढच्या बैठकीला हॅरी रगल्स हा छापखानेवाला आला. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, म्हणून नाव रोटरी.

चार धंद्यांचे चार लोक, हा योगायोग नव्हता. एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा, हा नियमच होता. त्यामागे पहिल्या दिवसांत सरळ व्यवहार होता: कोळसा लागला तर शीलकडून घ्यायचा, कपडे शोरीकडून शिवायचे, पत्रके रगल्सकडून छापून घ्यायची. दोन कोळसेवाले असते तर पंचाईत झाली असती. व्यवहाराचा हा भाग पुढे मागे पडला, पण वर्गीकरणाचा नियम टिकला आणि त्याला वेगळाच अर्थ आला. क्लबात बसलेला माणूस त्याच्या धंद्याचा प्रतिनिधी मानला जाऊ लागला. क्लबाने त्याच्या धंद्यात डोकवायचे आणि त्याने क्लबातले आपल्या धंद्यात न्यायचे. जगभर हा नियम कितीतरी वर्षे चालत आला. २००१ मध्ये तो सैल झाला: एका वर्गात पाचपर्यंत सभासद चालतील, क्लब पन्नासहून मोठा असेल तर दहा टक्क्यांपर्यंत. २०१६ नंतर क्लबांना आणखी मोकळीक मिळाली.

नियमात पळवाटा काढण्याची कला मात्र आधीपासून होती, आणि ती पाहावी तर आपल्याकडच्या लहान गावांत. गावात डॉक्टर सात, वकील पाच आणि क्लबात येण्याची हौस व ऐपत बहुतेक यांनाच. मग एक डॉक्टर ‘वैद्यकीय – डोळे’, दुसरा ‘वैद्यकीय – बालरोग’, तिसऱ्याच्या नावापुढे चक्क ‘रुग्णालय व्यवस्थापन’. वकिलांत दिवाणी, फौजदारी, करविषयक. एखाद्या बागायतदाराला ‘शेती – द्राक्षे’ मिळते आणि त्याच्या चुलतभावाला ‘शेती – शीतगृह’. हसू येते खरे, पण या खटपटीत एक चांगली गोष्ट नकळत होऊन जाते. यादीत कोणकोणते धंदे नाहीत, हे एकदम डोळ्यांत भरते. प्रेसवाला आहे, पेपरवाला नाही. बिल्डर तीन आहेत, गवंडी एकही नाही. शाळेचे चेअरमन आहेत, शिक्षिका नाही. रिकामे रकाने भरण्यासाठी कोणाला बोलवावे हा विचार करणारा क्लब आणि केवळ मित्रांचे मित्र गोळा करणारा क्लब यांत पाच-दहा वर्षांनी जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

नव्या माणसाने क्लबाला काय द्यावे याचे सर्वांत जुने उदाहरण १९०६ सालचे आहे, आणि ते नकाराचे आहे. फ्रेडरिक ट्वीड या सभासदाने डोनाल्ड कार्टर या पेटंटचे काम पाहणाऱ्या वकिलाला आमंत्रण दिले. क्लबाची घटना नुकतीच तयार झाली होती आणि तिच्यात उद्देश दोनच होते: सभासदांच्या धंद्याची वाढ आणि आपापसांतली मैत्री. कार्टरने ती वाचली आणि नको म्हणून सांगितले. स्वतःपलीकडे कोणाच्याच उपयोगी न पडणारी मंडळी फार दिवस टिकणार नाही, असे त्याचे म्हणणे. ट्वीडने ही गोष्ट हॅरिसच्या कानावर घातली. हॅरिसने वाद घातला नाही. घटनेत काय घालावे ते तूच सुचव, असा निरोप कार्टरला गेला. त्यातून शिकागो शहराच्या हिताचा तिसरा उद्देश घटनेत आला आणि कार्टर सभासद झाला. १९०७ मध्ये या क्लबाने हाती घेतलेले पहिले लोकोपयोगी काम म्हणजे शहराच्या मध्यवस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी केलेली खटपट. महाराष्ट्रातल्या झेडपीच्या शाळांत मुलींसाठी स्वच्छतागृहे बांधून देणाऱ्या क्लबांना आपण नकळत किती जुना पायंडा चालवतो आहोत, हे बहुधा ठाऊक नसते.

कार्टरची गोष्ट नव्या सभासदांना क्वचितच सांगितली जाते. सांगायला हवी, कारण हा माणूस क्लबात येण्याआधीच क्लब बदलून बसला. एरवी स्वागताच्या भाषणांचा रोख उलटा असतो: संस्था किती मोठी, देश-प्रदेश दोनशेहून अधिक, सभासद सुमारे बारा लाख, तुम्ही किती भाग्यवान. ऐकणारा दबून जातो. त्याच्याकडे एखादा अवघड प्रश्न असलाच तर तो खिशातच राहतो.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ. सभा घंटेने सुरू होते. टेबलावरची ही पितळी घंटा आणि तिची लाकडी हातोडी प्रत्येक क्लबाची जपून ठेवलेली वस्तू असते. एक ठोका दिला की सभा चालू, शेवटी पुन्हा एक दिला की संपली. राष्ट्रगीत किंवा प्रार्थना, मागच्या सभेचा वृत्तान्त, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस. मग अध्यक्ष प्रस्तावकाला पुढे बोलावतात. त्याने नव्या सभासदाची ओळख करून द्यायची असते. हाच या सोहळ्याचा गाभा आणि बहुतेक ठिकाणी तोच सर्वांत पडेल असतो. प्रस्तावक खिशातून घडी केलेला कागद काढतो आणि बायोडाटा वाचतो: जन्म, शिक्षण, फर्मची स्थापना, दोन मुले, एक पुण्यात, एक अमेरिकेत, छंद वाचन व प्रवास. सभागृहातले निम्मे लोक त्या माणसाला लहानपणापासून ओळखतात; त्यांच्यासाठी यात काही नवे नसते. उरलेल्या निम्म्यांना तो कागद ऐकून काहीच कळत नाही.

कधीतरी एखादा प्रस्तावक कागद बाजूला ठेवतो. आपल्या शेजारच्या मेडिकल स्टोअरवाल्याची ओळख करून देताना सांगतो की, लॉकडाउनमध्ये हा माणूस म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या गोळ्या संपायच्या आधी त्यांच्या दारात उभा राहायचा, कारण कोणाची पट्टी कधी संपणार हे याच्या वहीत लिहिलेले. सभागृह शांत होते. ज्याच्याबद्दल बोलणे चालले आहे तो पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहतो. अशा ओळखीनंतर पिन लावणे हा उपचार उरतो. तो माणूस आधीच आत आलेला असतो.

ओळख झाली की अध्यक्ष दोन शब्द बोलतात, पिन लावतात, नाव असलेला बॅज, पुस्तिका आणि एक घडीव मजकूर देतात. हा मजकूर म्हणजे ‘फोर-वे टेस्ट’. बोलण्या-करण्याआधी स्वतःला विचारायचे चार प्रश्न: हे खरे आहे का, सर्वांना न्याय देणारे आहे का, यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सर्वांच्या हिताचे आहे का. हे प्रश्न सेवाकार्यातून आलेले नाहीत. ते आले दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच्या एका कंपनीतून. १९३२ साली शिकागोचे हर्बर्ट टेलर यांनी ॲल्युमिनियमच्या भांड्यांची एक बुडती कंपनी चालवायला घेतली. सगळीकडे मंदी. कामगारांना आणि विक्रेत्यांना पाठ होईल अशी एक छोटी कसोटी त्यांना हवी होती. त्यांनी ती कागदावर उतरवली, आधी काही दिवस स्वतःवर लावून पाहिली आणि मग आपल्या चार खातेप्रमुखांना दाखवली. त्या चौघांची श्रद्धास्थाने चार: एक रोमन कॅथलिक, एक ज्यू, एक ख्रिश्चन सायंटिस्ट, एक प्रेस्बिटेरियन. कोणाच्याच धर्माला ती आड येत नव्हती. १९४३ मध्ये रोटरीने ती स्वीकारली. आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर क्लबाच्या खर्चाने रंगवलेली ही चार वाक्ये अनेकांनी पाहिली असतील, पण त्यांच्यामागे न खपलेल्या पातेल्यांचे ढीग होते हे त्या भिंतीवरून कळत नाही.

शपथ मात्र नाही. लायन्स क्लबात नवा सभासद हात पुढे करून प्रतिज्ञा घेतो. रोटरीने सभासद करून घेण्याचा कोणताही ठरावीक विधी घालून दिलेला नाही. प्रत्येक क्लबाने आपापल्या परीने तो बसवावा. यामुळे काही ठिकाणी समई पेटते, काही ठिकाणी नव्या सभासदाला तुळशीचे रोप मिळते, आणि काही ठिकाणी नुसतेच हस्तांदोलन होते. हा उघडेवाघडेपणा एके काळी फार कामाला आला. पिन, घंटा आणि निवडक माणसे हे पाहून रोटरी ही फ्रीमेसनांसारखी गुप्त मंडळी असावी असा संशय युरोपातल्या अनेक धर्माधिकाऱ्यांना होता. डिसेंबर १९५० मध्ये व्हॅटिकनने कॅथलिक धर्मगुरूंना रोटरीचे सभासद होण्यास मनाई केली. पण लपवण्यासारखी शपथ नाही, विधी नाही, सांकेतिक खूण नाही, म्हटल्यावर संशयाला खतपाणी मिळेना. १९७९ मध्ये रोमला रोटरीचे अधिवेशन भरले तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे स्वतः त्यांच्यापुढे बोलले. महाराष्ट्रात रोटरीबद्दल अविश्वास असलाच तर तो वेगळ्या जातीचा आहे: सूटबूटवाल्यांची जेवणे आणि फोटोपुरती सेवा. तो संशय पोपच्या भाषणाने जाण्यातला नाही, आणि तो सर्वस्वी खोटा आहे असेही म्हणवत नाही.

शिकागोच्या क्लबाने एक गंमतीची अट घातली होती. एकमेकांना पाळण्यातल्या नावाने हाक मारायची. ‘मिस्टर’ म्हटले की दंड. बाहेरचा मोठेपणा दारात ठेवून यावा, हा हेतू. भारतात १९१९ मध्ये कोलकात्याला पहिला क्लब निघाला तो मुख्यतः युरोपीय व्यापाऱ्यांचा. मुंबईचा क्लब १९२९चा. आपल्या मातीत रोटरी रुजत गेली तशी ही अट गळून पडली. मराठी क्लबात ‘डॉक्टर’ डॉक्टरच राहतात, ‘वकीलसाहेब’ वकीलसाहेब. दंड करून काय उपयोग? उलट नावाआधी ‘रो.’ (रोटेरियन) आले, नावामागे ‘जी’ आले आणि माजी अध्यक्षांच्या नावापुढे ‘पीपी’, माजी प्रांतपालांच्या (डिस्ट्रिक्ट गव्हर्नर) नावापुढे ‘पीडीजी’. नवा सभासद पहिल्या महिन्यात या आद्याक्षरांच्या जंगलात हरवतो. स्टेजवरून पाच मिनिटे नुसती नावे घेतली जातात, आणि कोणाचे राहून गेले तर त्याचे पडसाद वर्षभर उमटतात. तरी एक खरे: बाजारात ज्या माणसाला हटकायची कोणाची छाती नसते, त्याच्याकडे सभेची शिस्त पाहणारा सार्जंट ॲट आर्म्स दंडाची पेटी घेऊन येतो, पिन विसरल्याबद्दल पन्नास रुपये मागतो, आणि तो निमूट काढून देतो.

पिन लावताना जोडीदारालाही स्टेजवर बोलावतात. याही रिवाजाला इतिहास आहे. १९१४ मध्ये ह्यूस्टनच्या अधिवेशनाला निघालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या रोटेरियनांच्या गाडीत ब्रुनियर या सभासदाच्या पत्नी ॲन होत्या, आणि ह्यूस्टनला भेटलेल्या गंडेकर या दुसऱ्या रोटेरियनाच्या पत्नीचे नावही ॲनच निघाले. त्यावरून सभासदांच्या पत्नींना ‘ॲन’ म्हणण्याची टूम निघाली. जगाने ती केव्हाच टाकली. आपल्या बुलेटिनांत ‘ॲन’ आणि मुलांसाठी ‘ॲनेट’ अजून सुखाने नांदतात. पत्नी स्टेजवर येई, हार घेई आणि खाली जाई. तिला स्वतःला पिन लागायची नाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या क्लबाने तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, म्हणून पुढच्या वर्षी त्या क्लबाची सनदच काढून घेण्यात आली. क्लब बधला नाही. ‘माजी रोटरी क्लब’ असे नाव घेऊन सभा भरवत राहिला आणि कोर्टात गेला. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबाच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने घटनेतली पुरुषांची अट काढून टाकली. २०२२ साली कॅनडाच्या जेनिफर जोन्स आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या, या पदावरच्या पहिल्या स्त्री. आता महाराष्ट्रातही प्राचार्य, सीए किंवा उद्योजक असलेली बाई स्टेजवर पिन लावून घेते आणि नवरा शेजारी गुलाबाचे फूल धरून उभा असतो. त्याला काय म्हणावे, हे मात्र अजून कोणाला सुचलेले नाही.

सभासद घेण्याच्या कामात एक दुखणेही आहे: आकडा. क्लबाने आंतरराष्ट्रीय संस्थेला भरायची रक्कम १ जुलै आणि १ जानेवारीच्या सभासदसंख्येवर ठरते. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते, ऑगस्ट हा सभासदवाढीचा महिना, आणि वाढीबद्दल क्लबांना व प्रांतपालांना शाबासकी असते. २०२१-२२चे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष कोलकात्याचे शेखर मेहता होते. प्रत्येकाने एक सभासद आणावा, ही त्यांची हाक. हाक चांगलीच होती. पण प्रांतपालांच्या भेटीच्या संध्याकाळी एकदम बारा जणांना रांगेत उभे करून पिना लावल्या जातात तेव्हा ओळख कोणाचीच होत नाही, नावे घाईने वाचली जातात आणि दोघांचे बॅज अदलाबदल होतात. त्यांतले निम्मे पुढच्या जूनच्या अखेरीस गळतात. जूनमध्ये खजिनदार थकलेल्या वर्गण्यांची यादी घेऊन बसतो आणि नावे कमी करतो, कारण १ जुलैला त्यांचे पैसे क्लबाच्या अंगावर पडतात. अशी भरती-ओहोटी वर्षानुवर्षे चालते आणि वार्षिक अहवालात तिची वाढ म्हणून नोंद होते.

जे क्लब हे ओळखून असतात ते पिन लावल्यानंतरच्या वर्षाकडे जास्त लक्ष देतात. काहींकडे नव्या सभासदाच्या बॅजला लाल पट्टी असते. दारात उभे राहून येणाऱ्यांचे स्वागत करणे, संचालक मंडळाच्या एका बैठकीला बसणे, एखाद्या समितीत काम करणे, आपल्या धंद्यावर बोलणे, एवढे झाले की लाल जाऊन निळा बॅज येतो. लाल पट्टीचा हेतू त्याला वेगळे पाडण्याचा नसतो. जुन्यांनी आपणहून त्याच्याशी बोलावे म्हणून ती खूण. यांतले धंद्यावरचे भाषण सर्वांत गुणकारी. वीस मिनिटांत तो सांगतो की बेदाणा कसा वाळवतात, गंधकाची धुरी केव्हा द्यायची, तासगावच्या सौद्यात भाव कसा फुटतो. किंवा शवविच्छेदनानंतर नातेवाइकांशी काय बोलावे लागते. माणूस जे रोज करतो त्यावर तो कधी वाईट बोलत नाही. बायोडाट्याने न झालेली ओळख इथे होते.

हजेरीचा नियम पूर्वी कडक होता. सलग चार सभा चुकल्या तर सभासदत्व जाई. त्यावर उतारा होता ‘मेकअप’ नावाचा: आपली सभा चुकली तर पुढच्या-मागच्या चौदा दिवसांत जगातल्या कुठल्याही क्लबाच्या सभेला बसायचे आणि तिथल्या सेक्रेटरीची चिठ्ठी आणायची. त्यातूनच मुलाकडे अमेरिकेला गेलेले निवृत्त इंजिनिअर तिथल्या क्लबात पाहुणे म्हणून जात, आपल्या गावाच्या क्लबाचे छोटे निशाण देत, त्यांचे घेत, आणि परत आल्यावर पुढच्या सभेत ते उंच धरून दाखवत. २०१६ पासून महिन्यातून दोन सभाही पुरतात आणि हजेरीचे बंधन ज्या त्या क्लबावर सोपवले आहे. सोय झाली, यात वाद नाही. पण आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, आवडो न आवडो, त्याच पस्तीस माणसांसमोर बसण्यातून जी सवय लागत होती, तिची जागा व्हॉट्सॲपच्या ग्रुपने घेतलेली नाही.

काहींना क्लब कळतो तो सभेत नाही, कामावर. पल्स पोलिओच्या रविवारी नव्या सभासदाला सकाळी सातला एसटी स्टँडवर बोलावतात. तिथे आरोग्य सेविका आधीच आलेल्या असतात. निळी पेटी, तिच्यात बर्फाच्या कुप्या, त्यांच्यामध्ये लशीची बाटली. त्याचे काम सोपे: गाडीतून उतरणाऱ्या बायांच्या कडेवरची पोरे हेरायची, त्यांना टेबलापर्यंत आणायचे, दोन थेंब पडले की डाव्या करंगळीच्या नखावर मार्करने खूण करायची. मूल हात ओढून घेते, शाई तळव्यावर पसरते. कंडक्टर बेल मारतो, आई घाई करते. रोटरीने जगातून पोलिओ हटवण्याचे काम १९८५ मध्ये हाती घेतले. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. ही सगळी कहाणी त्याला पुस्तिकेत मिळालेली असते. दुपारी बूथ आवरताना आरोग्य सेविका रिकाम्या बाटल्या मोजते, रजिस्टरवर आकडा लिहिते आणि त्याची सही मागते. त्या रजिस्टरवर त्याच्या नावापुढे ‘रो.’ नसते.

यानंतरही माणसे जातात. पहिल्या चौघांतले लोर आणि शोरीसुद्धा फार काळ टिकले नाहीत. हॅरिस आणि शील टिकले, आणि शेवटपर्यंत शेजारी-मित्र राहिले. जाण्याचा समारंभ कुठल्याच क्लबात नसतो. राजीनामा लेखी द्यायचा, आणि देणे बाकी नसेल तर मंडळाने तो मंजूर करायचा, एवढाच नियम. बदली होऊन जाणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. माणूस आंतरराष्ट्रीय संस्थेचा सभासद नसतोच. तो आपल्या क्लबाचा सभासद असतो आणि क्लब संस्थेचा. त्यामुळे गाव सुटले की सभासदत्व सुटते. सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावचे भूलतज्ज्ञ मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला येतात, तेव्हा त्यांच्यासाठी नवा फॉर्म, नवा प्रस्तावक आणि नवे मंडळ लागते. जुन्या क्लबाने देणे बाकी नसल्याचे पत्र दिले तर काम लवकर होते. अडचण येते ती धंद्याच्या रकान्यात. गावी ते त्या वर्गातले एकटेच होते. इथे आधीच चार भूलतज्ज्ञ बसलेले असतात आणि पाचवा कशाला, हा प्रश्न मंडळात कोणीतरी विचारतोच.